तरुण वयातील मोठ्या आतड्याचा कर्करोग



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही हाच विषय सांगितला. चालकांपैकी एक गृहस्थ थोडे घुटमळले. विषय महत्त्वाचा आहे हे त्यांना मान्य होते; पण शौच, मळ, गुदद्वार असे शब्द स्त्रीपुरुषांच्या भरल्या सभेत तासभर उच्चारावे लागणार, ते कसे दिसेल, अशी त्यांची शंका होती. त्या शंकेबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो. कारण ह्या रोगाचे निम्मे बळ ह्या संकोचातच आहे. ज्याचे पोट दुखते तो ओवा मागतो, अशी आपली म्हण आहे. पण ह्या रोगात असे होते की, दुखणाईत ओवा मागतच नाही. तो सहा महिने कोणाला काही सांगत नाही, आणि सांगतो तेव्हा वैद्यालाही पुरते सांगत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची एक हकीगत प्रथम सांगतो. तीत दोष आमचाच आहे. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना घातला होता. एक बस-ड्रायव्हर आला. वय ३४, बांधा मजबूत. शौचाच्या वेळी रक्त पडते एवढीच तक्रार. कारणही त्यानेच सांगितले, "डॉक्टरसाहेब, दिवसभर इंजिनाजवळ बसायचं, उष्णता बाधली. मोड आलाय." आम्हांला ते पटले. आम्ही मलम दिले, इसबगोल घ्यायला सांगितले, मिरची वर्ज्य करायला सांगितले. तपासले मात्र नाही. बाहेर गर्दी होती, त्यालाही संकोच होता, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही होता. रक्त थांबले. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. पुन्हा तेच मलम. आठव्या महिन्यात त्याची पत्नी त्याला घेऊन आली. "ह्यांना आता जिनासुद्धा चढवत नाही," ती म्हणाली. तो पांढराफटक पडला होता. त्या दिवशी आम्ही हातमोजा चढवून बोटाने तपासले. दोन-अडीच इंचांवर गाठ हाताला लागली. ते बोट पहिल्याच दिवशी पुढे व्हायला हवे होते. रोग यकृतापर्यंत गेला होता. दीड वर्षाने तो वारला. आपले निदान त्याने स्वतःच केले होते, आणि आम्ही त्यावर शिक्कामोर्तब केले होते.

हा अपवाद होता, असे म्हणून आम्ही पुष्कळ दिवस मनाचे समाधान करीत होतो. आता तसे म्हणता येत नाही.

रोग कसा होतो

आपले लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते आणि मोठे आतडे सुमारे पाच फूट. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ते सुरू होते, वर चढते, आडवे डावीकडे जाते, खाली उतरते आणि गुदाशयात मिळते. अन्नातील सत्त्व लहान आतड्यात शोषले गेलेले असते. उरलेल्या चोथ्यातील पाणी आणि क्षार शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे काम. त्यात अगणित सूक्ष्म जंतूंची वस्तीही असते, आणि त्यांतील बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात.

ह्या आतड्याचे आतील अस्तर चार-पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण बदलते. जुन्या पेशी गळतात, नव्या येतात. नवी पेशी तयार होताना तिच्यातील आनुवंशिक लिखाणाची नक्कल करावी लागते, आणि त्या लिखाणात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. एवढी पोथी उतरवून काढताना कोणता लेखनिक चुकणार नाही? पेशीही चुकते, पण तिच्याजवळ चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते. तीतून एखादी चूक निसटते, पुढे दुसरी निसटते, तिसरी निसटते. अशा ठरावीक चुका एकाच पेशीच्या वंशात साठत गेल्या की तिचा आवर सुटतो. ह्या चुका साठत साठत साध्या वाढीचा कर्करोग कसा होतो, ह्याची साखळी फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९९० साली मांडली.

ही साखळी बाहेरूनही दिसते. प्रथम अस्तरावर मुगाएवढा, मग वाटाण्याएवढा मांसाचा अंकुर उठतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच पॉलिप वाईट नसतात. पण जे वाईट वळण घेतात त्यांना कर्करोग व्हायला साधारणपणे दहा वर्षे लागतात. शत्रू दहा वर्षे वेशीबाहेर तळ देऊन राहतो, असे फार थोड्या रोगांत घडते. १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. वुल्फ आणि डॉ. शिन्या ह्यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास घालून, पोट न फाडता, असे अंकुर काढून दाखविले. ते काढून टाकले की पुढचा कर्करोग बऱ्याच अंशी टळतो, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीने सिद्ध केले. म्हणजे हा रोग नुसता बरा करता येतो असे नव्हे, तो होण्याआधीच उपटता येतो.

वय कसे खाली आले

आमच्या विद्यार्थिदशेत पुस्तकांत लिहिलेले असे की, हा साठीनंतरचा रोग. आजही बहुसंख्य रोगी वयस्करच असतात. जगात २०२२ ह्या एका वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रोगी नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने मेली. पण ह्या आकड्यांच्या पोटात एक उलटा प्रवाह आहे. अमेरिकेत पन्नाशीच्या वरच्यांत हा रोग काही दशके कमी होत गेला, आणि पन्नाशीच्या आतल्यांत वाढत गेला. २०१७ साली तेथील आकड्यांची जन्मवर्षानुसार मांडणी करण्यात आली. १९५० च्या सुमारास जन्मलेला माणूस आणि १९९० च्या सुमारास जन्मलेला माणूस ह्यांची एकाच वयाला तुलना केली, तर दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट, असे दिसून आले. म्हणजे ही वाढ पिढीबरोबर चालत येत आहे. अमेरिकेतील कर्करोग संस्थेने २०१८ साली, तक्रार नसतानाही करावयाच्या तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. तेथील सरकारमान्य तज्ज्ञमंडळाने २०२१ साली तेच केले. चित्रपटांतून जगभर नाव झालेला नट चॅडविक बोझमन २०२० च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ह्याच रोगाने गेला, तेव्हा ही गोष्ट सामान्य लोकांच्या कानांवर गेली.

आपल्या देशाचे काय? लाख माणसांमागे हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रोग्यांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोग्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. ह्या आकड्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. आपल्या देशात तरुणांचीच संख्या अधिक, म्हणून रोग्यांतही तरुण अधिक दिसणार. सरासरी खाली आली एवढ्यावरून प्रत्येक तरुणाचा धोका तितकाच वाढला असे होत नाही. तथापि डॉक्टरसमोर बसलेल्या रोग्याला "तुझे वय लहान, तुला तो रोग असणे शक्य नाही" असे सांगण्याचा अधिकार मात्र ह्या आकड्याने काढून घेतला आहे. शिवाय आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा, अशा तीन कर्करोगांची चाचणी होते. आतड्याचा त्यात नाही. तेव्हा रोग ओळखण्याची पहिली जबाबदारी रोग्यावर आणि त्याच्या घरच्या डॉक्टरवर येते.

कारणे: कळलेली आणि न कळलेली

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉ. वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई एक दिवस खिन्न दिसली. विचारल्यावर ती म्हणाली की, माझ्या घराण्यातली माणसे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने लवकर जातात, मीही तशीच जाणार. ती खरोखरच तरुणपणी गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन ह्यांनी तिचे बोलणे वेड्यात काढले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे नेब्रास्कातील डॉ. लिंच ह्यांनी १९६६ साली अशीच घराणी नोंदविली, आणि १९९३-९४ च्या सुमारास त्यामागची जनुके सापडली. ती जनुके म्हणजे मघाशी सांगितलेले नकलेतील चुका दुरुस्त करणारे कारकून! ज्या घराण्यात हे कारकूनच जन्मतः पंगू, तेथे चुका भराभर साठतात. ह्या विकाराला आज लिंच ह्यांचे नाव आहे. असे घराणे ओळखता आले, तर त्यातील माणसांची दुर्बिणीची तपासणी विसाव्या-पंचविसाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करतात.

आमच्या ड्रायव्हरच्या वेळी जनुकांची परीक्षा आमच्या आवाक्यात नव्हती. पण तो गेल्यावर आम्ही त्याच्या धाकट्या भावाला शहरात पाठवून दुर्बिणीने तपासून घेतले. त्याच्या आतड्यात दोन अंकुर निघाले आणि तेथल्या तेथे काढले. आज तो पंचावन्न वर्षांचा आहे.

परंतु अनुवंशाने सगळे कोडे सुटत नाही. पन्नाशीच्या आतील पाच रोग्यांपैकी किमान चौघांत असा जन्मजात दोष सापडत नाही. मग वाढ कशाने? लठ्ठपणा, बैठे जीवन, दारू, तंबाखू, चोथा नसलेले अन्न ह्यांचा ह्या रोगाशी संबंध आहे. टिकविलेले, खारविलेले, धुरावलेले मांस हे कर्करोगाचे कारण आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली दिला. पण अंगाने सडपातळ, शाकाहारी आणि निर्व्यसनी तरुणांनाही हा रोग झालेला आम्ही पाहिला आहे.

२०२५ साली एक नवा धागा हाती आला. ११ देशांतील ९८१ रोग्यांच्या गाठींतील आनुवंशिक लिखाण वाचण्यात आले. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूंच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. ते विष पेशीच्या लिखाणावर ओळखता येण्याजोगा ओरखडा ठेवते. हे ओरखडे सत्तरीपुढच्या रोग्यांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रोग्यांत ३.३ पट अधिक सापडले, आणि ते बहुधा बालपणीच उमटले असावेत असे अनुमान निघाले. हा माग आहे, पुरावा नव्हे. सगळा उलगडा व्हायला अजून अवकाश आहे.

हे विस्ताराने सांगण्याचे एक कारण आहे. ड्रायव्हरच्या पत्नीने आम्हांला विचारले होते, "मी भाजीत तिखट जास्त घालत होते, त्यानं झालं का हो?" तिखटाने हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. इंजिनाच्या उष्णतेनेही तो होत नाही. कारण पुरते कळलेले नसताना घरातल्या बाईच्या माथी दोष मारणे, किंवा रोग्याने आपल्या कर्माला बोल लावणे, हा रोगावर आणखी एक रोग होय.

चार खुणा

आता ज्यासाठी आपण येथे जमलो तो भाग. २०२३ साली अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नाशीच्या आतील पाच हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निदान होण्याआधीच्या तीन महिने ते दोन वर्षांच्या काळात चार तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या. पोटदुखी, शौचावाटे रक्त, न थांबणारे जुलाब, आणि लोह कमी झाल्यामुळे आलेला रक्तक्षय. एक खूण असली तर धोका सुमारे दुप्पट, तीन किंवा अधिक असल्या तर सहा पटींहून जास्त. ह्यांत आम्ही अनुभवाने आणखी दोन घालू. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे. आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही, पुन्हा जावे, असे वाटत राहणे.

लोक विचारतात, मूळव्याधीचे रक्त आणि ह्या रोगाचे रक्त ह्यांत फरक काय? मूळव्याधीचे रक्त लालभडक असते आणि शौचानंतर टपकते. मळात मिसळलेले, काळपट किंवा आव मिसळलेले रक्त अधिक संशयाचे. पण हा नियम भरवशाचा नाही. गुदाशयातील गाठीचे रक्तही लालभडक असते, आणि तरुण रोग्यांत गाठ बहुधा गुदाशयात किंवा डाव्या आतड्यातच असते. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. मलमाने रक्त थांबले म्हणजे निदान बरोबर ठरले असेही नाही. गाठीचे रक्तही मधूनमधून आपोआप थांबते.

रक्तक्षयाबद्दल स्त्रियांना विशेष सांगावयाचे आहे. आपल्याकडे तो इतका घरोघर आहे की त्याला कोणी रोगच समजत नाही. पाळी, बाळंतपण, ओढाताण अशी कारणे आयती असतात आणि बहुधा ती खरीही असतात. म्हणून प्रत्येक अशक्त स्त्रीला दुर्बिणीची तपासणी नको. पण लोहाच्या गोळ्या नियमाने घेऊनही रक्त भरत नसेल, भरून पुन्हा उतरत असेल किंवा जोडीला पोटाची तक्रार असेल, तर रक्त कोठे गळते हे शोधलेच पाहिजे. पुरुषाला पाळी नसते; तेव्हा तरुण पुरुषाच्या अंगात लोह कमी पडले तर नुसत्या गोळ्या देऊन स्वस्थ बसू नये.

ह्यावरून कोणी धास्ती घेऊ नये. शौचावाटे रक्त पडणाऱ्या शंभर तरुणांतील बहुतेकांना मूळव्याध किंवा चीरच असते. आमचे म्हणणे एवढेच की, ते "असेल" असे न म्हणता "आहे" असे पाहून ठरवावे.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी बोटाची. तिला एक मिनिट लागते, खर्च काही नाही, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ तिने कळते. दुसरी मळातील न दिसणाऱ्या रक्ताची; ती तक्रार नसलेल्यांसाठी आहे. ज्याला रक्त डोळ्यांनी दिसते त्याने तिच्यावर विसंबू नये. तिसरी दुर्बिणीची, कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट साफ करावे लागते, आणि खरा त्रास तोच. तपासणी गुंगीच्या औषधाखाली सुमारे अर्ध्या तासात होते. ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा रोग झाला असेल त्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, ह्यांतील जे लवकर येईल तेव्हा ती करून घ्यावी. तक्रार असेल तर वयाची वाटच पाहू नये.

आपल्या शहरात स्टँडबाहेर पाट्या दिसतात: मूळव्याध, भगंदर, एका भेटीत खात्रीने बरे. तेथे जाणाऱ्याने आधी आपल्याला मूळव्याधच आहे, दुसरे काही नाही, एवढे तपासून घेऊन मग जावे.

लवकर गाठले तर हा रोग बरा होतो. अमेरिकेतील आकडे असे की, रोग आतड्यापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरांतील सुमारे ९० जण हयात असतात. दूरच्या इंद्रियांत पसरल्यावर सापडला तर सुमारे १५. शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. गरजेप्रमाणे किरण आणि औषधे. पोटावर पिशवी लावावी लागेल ह्या भीतीने अनेकजण शस्त्रक्रिया टाळतात. ती प्रत्येकाला लागत नाही, आणि लागली तरी पुष्कळदा काही महिन्यांपुरतीच असते. मूल व्हावयाचे राहिले असेल तर त्या तरुण रोग्याने उपचार सुरू होण्यापूर्वीच तसे सांगावे. बीज राखून ठेवण्याची सोय आज आहे, नंतर उशीर होतो.

नव्या गोष्टीही घडत आहेत. २०२२ साली न्यूयॉर्क येथे गुदाशयाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात, ज्यात चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते त्या प्रकारात, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध दिले. पहिल्या बाराही रोग्यांची गाठ शस्त्रक्रियेवाचून नाहीशी झाली. असा प्रकार थोड्यांचाच असतो आणि औषध फार महाग आहे. पण गाठीची तशी परीक्षा करून घेणे प्रत्येक तरुण रोग्याच्या हिताचे आहे. बिनखर्चाचा उपायही हाती आला आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ८८९ रोग्यांवरील प्रयोगात, उपचार संपल्यावर देखरेखीखाली तीन वर्षे नियमित व्यायाम करणाऱ्यांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

श्रोतेहो, आमचे मागणे फार थोडे आहे. येथे बसलेल्या डॉक्टरबंधूंनी तपासल्याशिवाय मूळव्याधीचे मलम लिहून देऊ नये. येथे बसलेल्या तरुणांनी रक्त दिसले तर झाकली मूठ ठेवू नये. आणि वडीलधाऱ्यांनी, घरातला कमावता मुलगा किंवा तान्ह्या मुलाची आई "जरा उष्णता झाली आहे" असे म्हणाली, तर सब्जाचे पाणी अवश्य द्यावे. पण किती दिवसांपासून, रक्त पडते काय, कोणी तपासले काय, हे तीन प्रश्न त्याबरोबर विचारावेत. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही ते विचारले नाहीत. आपण विचाराल अशी आशा बाळगतो.